अजगराला डिवचू नका

महोदय,
गेल्या आठवड्यात आमच्या केळीच्या बागेत अजगराने शेळीचं करडू गिळलं. पाटाजवळ पडून होता, पोट हंड्यासारखं फुगलेलं. पोरांनी मोबाइल काढले, काठ्यांनी डिवचलं. शेवटी त्याने करडू ओकलं. केस ओलेचिंब, अंगाला चिकटलेले. आमचं करडू तर गेलंच होतं, त्याचा घासही गेला. घाबरला की पळता यावं म्हणून तो भक्ष्य टाकून देतो. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढच्या टोकाला एकमेकांपासून लांब ताणले जातात, म्हणून डोक्याहून कितीतरी मोठं जनावर त्याच्या घशात उतरतं. विष तर त्याला नाहीच! १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. शेतकरी बांधवांनो, लांब उभे राहा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव