अष्टमीचा दिवस काढा

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल आम्ही दिवेआगरला समुद्रावर जाऊन आलो. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले असते आणि आईनं विषय बदलला असता, म्हणून लिहितेय. खरं तर तुम्हाला न्यायचं म्हणूनच आम्ही आधी रस्ता पाहून आलो.

पहाटे पाचला निघालो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत मुळशी धरणाच्या पाण्याशी पोचलो तेव्हा उजाडत होतं. खाचरांत भाताची नुसती धसकटं उरलीत. एका खळ्यावर दोघी जणी पेंढ्या झोडत होत्या. बाबा, तुम्ही असता तर गाडी थांबवून त्यांच्याशी अर्धा तास बोलला असता. तो अर्धा तास मी वेळेच्या हिशेबात धरलाय.

याच धरणाविरुद्ध 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, पुढं सेनापती बापटांनी तो चालवला. मुळा नदीचं हे पाणी एरवी भीमेतून आपल्या चंद्रभागेला आलं असतं. ते इथं अडवून भिऱ्याच्या वीजघरासाठी घाटाखाली सोडतात आणि तिथून कुंडलिकेतून ते अरबी समुद्राला मिळतं. काठावर चहा पिताना सारखं मनात येत होतं, आपल्याकडचं पाणीसुद्धा समुद्राला जाऊन मिळालं, आई तेवढी राहिली.

2003 च्या दुष्काळात गणपतीपुळ्याला जायचं ठरलं होतं, आठवतं? ते पैसे कडब्याला गेले. आईनं त्यासाठी फॉल लावून ठेवलेलं हिरवं पातळ अजून ट्रंकेत तसंच आहे. दिवाळीत मी हात लावून पाहिलं.

ताम्हिणी घाटात वळणं बरीच आहेत. आईनं पुढच्या सीटवर बसायचं आणि तोंडात आवळासुपारी ठेवायची. डाव्या-उजव्या हाताला नुसते डोंगर, सोनेरी गवत, मध्येच गर्द झाडी. विळ्याला उतरलो तशी हवा दमट झाली, शाल काढून ठेवली. माणगावात चहा-नाश्ता. मग म्हसळा, बोर्ली आणि दिवेआगर. साधारण 160 किलोमीटर होतात, थांबत गेलो म्हणून पाच तास लागले.

समुद्राशी जायला एकही पायरी नाही. सुरूच्या बनातून सरळ वाळूत. वरची वाळू भुसभुशीत आहे, तिथं आईला मी धरेन. पुढं ओहोटीनं मोकळी झालेली वाळू मात्र सारवलेल्या अंगणासारखी घट्ट, पाय रुततच नाही. मी मुद्दाम अनवाणी अर्धा तास चालून पाहिलं, आईच्या गुडघ्यांना जमेल. बारीक खेकडे बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या मांडून ठेवतात, अगदी रांगोळीचे ठिपके. चिंगी त्याच्याशी उकिडवी बसून राहिली, उठायलाच तयार नव्हती.

गावात रूपनारायणाचं मंदिर आहे. काळ्या पाषाणातला विष्णू, प्रभावळीत दशावतार कोरलेले. बाबा, तुम्हाला तिथं घाई करायची नाही. जेवण एका घरी सांगितलं होतं, वालाचं बिरडं, सोलकढी आणि मोदक. माळकऱ्याला चालेल असंच सगळं.

सुपारीच्या वाडीतल्या आजोबांनी एक गोष्ट शिकवली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आपण दहाला पोचलो की पाणी मागे सरत असेल, आईला चालायला भरपूर किनारा मिळेल. शिवाय एकादशी नाही, उपासाची अडचण नाही.

सूर्यास्तासाठी मात्र थांबता येणार नाही. तीनला निघालं तर घाट उजेडात चढून होतो. काल साडेआठला आम्ही घरात होतो.

ज्वारीच्या राखणीचं दादाशी बोलले आहे. चार दिवस तो बघतो म्हणाला. बाबा, संक्रांत झाली की येणारी पहिली अष्टमी पंचांगात बघा आणि तारीख कळवा. बीपीच्या गोळ्या आठवड्याच्या आणा. आई, गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस, आणि ते हिरवं पातळ पिशवीत सगळ्यात वर ठेव.

तुमची,
माई