दांडिया बाजारातल्या त्या काकांचे आणि मुलाचे आभार

परवा रात्री माझी हार्ड डिस्क फरशीवर पडली आणि लॅपटॉपला दिसेनाशी झाली. दुसरी प्रत काढायची राहिली होती. आत जामनगरजवळच्या नरारा इथल्या प्रवाळाची, नकाशासाठी दोन उधाणांमध्ये घेतलेली सगळी नोंद. कच्छच्या आखाताचं पाणी गढूळ. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातल्या १० मीटरच्या चौकोनात प्रवाळ, शेवाळ आणि चिखल ओळखायचा, तर ओहोटीत चालत जाऊन जीपीएसवर बिंदू घ्यावेच लागतात, आणि खडक काही तासच उघडा असतो. गेलेली ओहोटी परत मागता येत नाही.

दांडिया बाजारातल्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. काकांनी डिस्क कानाशी धरली, म्हणाले, "आवाज बरा आहे, जोडणीच तुटलीय. बस पोरी." शटर पुन्हा वर गेलं. भिंगाखाली त्यांनी डाग देऊन पिन बसवली आणि सगळं आपल्या डिस्कवर उतरवून घेतलं. साडेअकरा वाजून गेले.

पण खरं सांगायचंय ते दुकानातल्या त्या मुलाबद्दल. त्याने माझी नोंदवही मागितली आणि एकेका दिवसाचे फोटो वहीतल्या आकड्यांशी जुळवत बसला. एका दिवसाचे नऊ कमी निघाले, तेही त्याने दुसऱ्या फोल्डरमधून शोधून काढले. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पैसे फक्त पिनेचे घेतले. घाईत मी नावंही विचारली नाहीत. "नकाशात नरारा कुठे?" असं त्या मुलाने विचारलं होतं. रविवारी नकाशाची छापील प्रत घेऊन दुकानात येते आहे.