चंद्रतालला भेटलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार

आईचं वय ६८. हिमाचलमधल्या स्पितीतलं चंद्रताल हे तळं तिला पाहायचंच होतं. तळ्याकाठी तंबू ठोकायला बंदी आहे (योग्यच आहे, २००५ पासून हे तळं रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे), गाडीही अलीकडेच थांबते. पुढची पायवाट सोपी, पण उंची सुमारे ४,३०० मीटर. वीस पावलांतच आईला धाप लागली.

तेव्हा मेंढ्या घेऊन चाललेल्या, गद्दी या मेंढपाळ समाजातल्या काकांनी आपली काठी तिच्या हातात दिली आणि तिच्याच चालीने सोबत चालत राहिले. मुठीशी लोकरीचा धागा गुंडाळलेली, वापरून गुळगुळीत झालेली काठी होती ती. नाशिकच्या दोघी मुलींनी आमचं मराठी ऐकून आईची सॅक आपणहून घेतली, थर्मासमधलं कोमट पाणी घोटघोट पाजलं. आणि ड्रायव्हरदादा, उंचीची सवय व्हावी म्हणून स्पितीतल्या काझा गावात आणखी एक मुक्काम करायचा हट्ट तुम्ही धरलात, म्हणून तिला एवढं तरी चालता आलं.

निळंहिरवं पाणी दिसलं तेव्हा आई काठावर बसून रडली. काका, काठी परत देताना तिने तुमचे दोन्ही हात धरून ठेवले होते. नावं विचारायची राहूनच गेली. आम्हा दोघांकडून मनापासून आभार.