पश्चिमेच्या भिंतीचा विचार कोण करणार?

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर वृत्तपत्रांत जलरोधक रंगांच्या आणि गच्चीवर फासायच्या रसायनांच्या जाहिराती सुरू होतात. त्या वाचून नव्याने घर बांधणाऱ्याचा असा समज होतो, की पाणी घरात शिरते ते वरून आणि त्याला अडवायचे ते बाहेरून काहीतरी फासून. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर हे दोन्ही समज महागात पडतात. येथे वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैऋत्येच्या वाऱ्यासोबत येतो. पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींवर त्याची झड थेट आदळते, आणि वाऱ्याच्या दाबाने पाणी गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगेतूनही आत ढकलले जाते.

येथील भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र आहे. त्याच्या घडीव ठोकळ्यांची, म्हणजे चिऱ्याची, भिंत पाणी पिते आणि उघडीप मिळाली की ते बाहेर सोडते. अशा भिंतीला बाहेरून प्लास्टिकसारखा घट्ट रंग दिला, तर भेगांतून किंवा जोत्यातून आत गेलेल्या पाण्याची परतीची वाट बंद होते, मग रंगाला फुगे येतात, आतल्या गिलाव्यावर क्षार फुटतात आणि घरमालक पुढच्या वर्षी त्याहून महाग रंगाचा डबा आणतो. जुन्या बांधणीत भिंत भिजूच नये अशी व्यवस्था होती. कौलांचे पाखे भिंतीच्या पुष्कळ बाहेर उतरत, झडीच्या बाजूला पडवी असे, जोते उंच असे, आणि तरीही जी भिंत उघडी राही तिला पावसाळ्यापुरते माडाचे झाप बांधत.

आता गावोगावी उभी राहणारी स्लॅबची चौकोनी घरे पाहिली, तर छप्पर भिंतीच्या रेषेतच संपलेले दिसते. खिडकीवरचा छज्जा जेमतेम वीतभर असतो, आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाचही नसते, त्यामुळे छज्ज्यावरचे पाणी खालच्या अंगाने सरकत भिंतीवरच येते. काही वर्षांत स्लॅब गळू लागला की त्यावर पत्र्याची शेड उभारणे, हा तर येथील बांधकामाचा ठरलेला दुसरा टप्पाच होऊन बसला आहे. दोन छपरांचा खर्च करण्याऐवजी पहिल्याच वेळी उतरते छप्पर का घालू नये, हे मला अद्याप उमगलेले नाही.

रुंद वळचणीवर, म्हणजे भिंतीच्या बाहेर आलेल्या छपराच्या कडेवर, एक आक्षेप नेहमी घेतला जातो व तो रास्त आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. दोन्ही वेळी कौले व पत्रे मोठ्या प्रमाणावर उडाले. वारा बाहेर आलेल्या छपराला खालून उचलतो, हे खरेच आहे. परंतु त्यावर उपाय वळचण कापणे हा नसून ती बांधून घेणे हा आहे. वासे भिंतीवर नुसते टेकवू नयेत, भिंतीवरील काँक्रीटच्या पट्ट्यात बसवलेल्या बोल्टांनी जखडावेत. कडेच्या आणि आढ्यावरच्या कौलांच्या ओळी पक्क्या कराव्यात. नालीदार पत्र्याचे हुक नालीच्या उंचवट्यावर आणि वॉशरसह बसवावेत, कारण खोलगट भागात पाडलेल्या भोकातून वाहते पाणी थेट आत उतरते.

काँक्रीटच्या बाबतीत तर नियम अनेक वर्षांपासून लिहिलेला आहे. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकानुसार किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटसाठी किमान एम ३० या मजबुतीचा दर्जा आणि सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण अपेक्षित आहे. प्रत्यक्षात सळीखाली खडीचा तुकडा सरकवून काम भागवले जाते आणि खाडीची खारट वाळू न धुता वापरली जाते. पुढे खाऱ्या हवेने सळी गंजून फुगते, आवरणाचे पोपडे सुटतात, आणि दोष मात्र पावसाला दिला जातो.

वेळेचेही तसेच. मे महिन्यात, मजूर गावी परतण्याच्या घाईत, उन्हात केलेल्या गिलाव्यावर किमान आठवडाभर पाणी मारले जात नाही आणि तो पुरता वाळण्याआधीच त्यावर रंग चढतो. काँक्रीटचा खांब आणि चिऱ्याची भिंत जेथे मिळतात तेथे गिलाव्याआधी जाळी ठोकली नाही, तर त्या सांध्यावर उभी भेग हमखास पडते. खिडकीच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि सरकत्या खिडकीच्या पट्टीला पाणी निघून जाण्यासाठी भोके, इतकी साधी गोष्टही मागून घ्यावी लागते.

ज्यांच्या पदरी वास्तुविशारद आहे त्यांचे निभावते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला केंद्राच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. एवढ्या पैशात काटछाट सुरू झाली की पहिला बळी वळचणीचा जातो. म्हणून रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या परिषदांनी किनारी गावांसाठी उतरत्या छपराचा, झडीच्या बाजूला पडवी असलेला नमुना आराखडा खर्चाच्या अंदाजासह तयार करावा आणि पडवीचा वाढीव खर्च अनुदानात धरण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा. गवंड्यांसाठी सळीचे आवरण, खिडकीचा उंबरा व छज्ज्याची खाच दाखवणारे एक पानी चित्र ग्रामपंचायतीत लावणे तर अगदीच थोड्या खर्चात होईल, आणि ते गणपतीनंतर, नव्या बांधकामांचे पाये खणले जाण्याआधी लावता येईल.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी