एक स्पेलिंग, दोन क्रियापदे

महोदय,

अनुवादित कथांत एक चूक वारंवार दिसते. दोघांची बाचाबाची चालू असते, एकजण टोमणा मारतो आणि लगेच छापलेले असते, ‘दुसरा पुन्हा सामील झाला.’ कशात? मूळ इंग्रजी ‘rejoin’ या क्रियापदाचा तिथला अर्थ असतो ‘त्याने प्रत्युत्तर दिले’.

स्पेलिंग एकच असले तरी ही क्रियापदे दोन आहेत. सोडलेल्या गटात परतणे ते ‘रीजॉइन’, उलट उत्तर देणे ते ‘रिजॉइन’. इंग्रजी लिपी लपवते तो फरक आपली ह्रस्व-दीर्घ वेलांटी चोख दाखवते. दोन्हींचे मूळ मात्र लॅटिन ‘युंगेरे’, म्हणजे जोडणे, जुंपणे. फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. संस्कृत ‘युज्’ त्याच कुळातला, त्यामुळे आपला योग आणि बैलाच्या मानेवरचे जू ही त्याची भावंडेच.

इंग्रजीत आधी, पंधराव्या शतकात, आला तो उत्तराचा अर्थ, तोही कोर्टातून. इंग्लंडच्या जुन्या कॉमन लॉमध्ये, म्हणजे न्यायालयीन निवाड्यांतून घडलेल्या कायद्यात, वादीचे ‘डिक्लरेशन’ (दावा), त्यावर प्रतिवादीची ‘प्ली’ (उत्तर), त्यावर वादीचे ‘रेप्लिकेशन’ (उलट उत्तर) आणि त्यावर प्रतिवादीचे ‘रिजॉइंडर’ असा क्रम होता. (पुढे सररिजॉइंडर, रिबटर, सररिबटर, वकिलांना थांबणे कधीच जमले नाही.) म्हणजे रिजॉइंडर ही चौथी पायरी, उत्तरावरचे उत्तर. म्हणून नुसते ‘उत्तर दिले’ इथे तोकडे पडते.

ओळखायचे कसे? अवतरणचिन्हातल्या बोलण्याला लागून क्रियापद आले आणि त्याला कर्म म्हणून एखादा गट, माणूस किंवा जागा नसेल, तर ते प्रत्युत्तर.

परतण्याच्या अर्थालाही ‘पुन्हा सामील होणे’ सरसकट चालत नाही. रजेनंतर कामावर पुन्हा रुजू होतात, सोडलेल्या पक्षात स्वगृही परततात, मागे राहिलेला सोबती येऊन मिळतो. रस्ता सोडून गेलेली पायवाटही पुढे त्याला मिळते, तिथेही इंग्रजीत हेच क्रियापद. पूर्वी सदस्य नसलेल्याला मात्र ते लागू नाही, तो नुसता ‘जॉइन’ होतो.

इंग्रजी लिहिताना गटाच्या नावाआधी ‘टू’ घालू नये, कर्म थेट येते. आणि ‘रीजॉइन अगेन’ तिसऱ्यांदा येणाऱ्यालाच शोभते.

– एक अनुवादक