‘साकोकु’ हा शब्द कुणी घडवला?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जपानवरचा लेख वाचला. १८५३ मध्ये अमेरिकेची काळी जहाजं येईपर्यंत या ‘बंद देशा’ला आधुनिक विज्ञानाचा गंधही नव्हता, असं त्यात म्हटलं आहे. मी तेहतीस वर्षं अकरावीला प्रक्षेप्य गती, म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती, शिकवली. हे वाक्य वाचून गप्प बसवेना.

तोफगोळ्याचंच घ्या. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांच्या बंदुका आल्या आणि पुढे जपानात नेमबाजीची घराणी उभी राहिली. नळी किती उचलली की गोळी कुठवर जाते, याचे आडाखे गुरू शिष्याला शपथ घालून सांगे. ते बहुतांशी अनुभवातून आलेले. त्यामागचं न्यूटनचं गणित आलं ते डच पुस्तकांतून, नागासाकीच्या दुभाष्यांमुळे; त्या काळी युरोपीयांपैकी फक्त डचांना व्यापाराची मुभा होती, तीही नागासाकी बंदरातच.

शिझुकी तादाओ (१७६०–१८०६) हे अशाच दुभाष्या घराण्यातले. नोकरी त्यांनी लवकर सोडली आणि न्यूटनचा अनुयायी जॉन कील याच्या ग्रंथाचा १७४१ चा डच अनुवाद घेऊन बसले. त्यातून १७९८ ते १८०२ या काळात ‘रेकिशो शिन्शो’ तीन भागांत तयार झाला. तोफगोळ्याच्या मार्गावर त्यांनी वेगळंही लिहिलं. गोळा आडवा सारख्याच वेगाने जातो, पण खाली पडतो तो पहिल्या सेकंदात एक भाग, दोन सेकंदांत चार, तीन सेकंदांत नऊ. मी फळ्यावर चौकटी आखून द्यायचे, मुली एकेक ठिपका मांडायच्या आणि पॅराबोलाची कमान उमटली की वर्ग क्षणभर शांत व्हायचा.

शिझुकींना हे समजून घ्यायचं होतंच, शिवाय त्यासाठी भाषाही घडवायची होती. ‘जड’ आणि ‘जोर’ या अर्थांची दोन चिन्हं जोडून त्यांनी ‘जूर्योकु’ हा शब्द केला. आपल्या गुरुत्वाकर्षणातला ‘गुरु’ म्हणजेही जडच ना! जपानी मुलं आजही शाळेत तोच शब्द शिकतात.

आणि लेखाचा सगळा डोलारा ज्या ‘साकोकु’ म्हणजे ‘बंद देश’ या शब्दावर उभा आहे, तोही शिझुकींचाच. जपानने दारं बंद ठेवण्यावर जर्मन वैद्य केम्फर याने लिहिलेल्या निबंधाचा अनुवाद करताना त्यांनी तो १८०१ मध्ये घडवला. न्यूटन जपानीत आणणाऱ्या माणसाचा शब्द घ्यायचा आणि तिथे विज्ञान नव्हतं म्हणायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

त्यांचे शिष्य सुएत्सुगु तादासुके. त्यांच्याकडे शिकलेल्या कुमामोतोच्या इकेबे केईता यांनी तोफगोळ्याच्या मार्गाचं गणित पुढे नेलं. नागासाकीचे तोफतज्ज्ञ ताकाशिमा शुहान यांनी १८४१ मध्ये आजच्या टोकियोतल्या तोकुमारुगाहाराच्या माळावर पाश्चात्त्य तोफांचं प्रात्यक्षिक करून दाखवलं आणि पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. काळी जहाजं यायला तेव्हा अकरा वर्षं अवकाश होता.

लेखमालेच्या पुढच्या भागात शिझुकींचं नाव यावं, ही विनंती.

– एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका