लाल पेन्सिलीबद्दल आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहाला या" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

आमच्या मंडळाचं निवेदन गेल्या आठवड्यात एकदाचं रवाना झालं. 19 फेब्रुवारी 2030 ला शिवाजी महाराजांच्या जन्माला 400 वर्षं पूर्ण होतील, त्यासाठी शासनाने वेळेवर एक समिती नेमावी, ही मुख्य मागणी. खाली 112 सह्या. शिवनेरीच्या तालुक्यातले आम्ही, हे आम्ही नाही मागायचं तर कुणी?

पहिला खर्डा घेऊन तुमच्याकडे आलो ती संध्याकाळ आठवली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. चार पानं, त्यातली साडेतीन नुसती विशेषणं. तुम्ही चष्मा कपाळावर ढकललात, लाल पेन्सिल उचललीत आणि विशेषणांना हातही न लावता तिसऱ्या परिच्छेदातल्या एका आकड्याभोवती गोल काढलात. 1627.

"400 वर्षं 2030 ला भरतात आणि जन्म 1627 चा? वजाबाकी कुणी केली?"

वजाबाकी कुणीच केली नव्हती. आकडा मात्र मी घातला होता, आमच्या आजोबांच्या फडताळातल्या जुन्या पुस्तकावरून. तुम्ही हसला नाहीत, उलट म्हणालात की तुमच्या आजोबांचं काही चुकलं नाही, त्यांच्या काळी सगळा महाराष्ट्र हेच वर्ष धरत होता. वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549. महाराजांची तीनशेवी जयंतीसुद्धा 1927 सालीच साजरी झाली. आणि मग तुम्ही कपाटातून ती झेरॉक्स काढलीत.

जेधे शकावलीतली, म्हणजे शिवकाळातल्या घटनांच्या त्या सालवार नोंदींतली, ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तुमच्या मोडीच्या वर्गात सहा महिने बसूनही माझं गाडं अक्षराअक्षराला अडत होतं. तुम्ही भिंग हातात दिलंत आणि गप्प बसलात. शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, म्हणजे सन 1630. पुढे 'उपजले' हा शब्द लागला तेव्हा चहा गार झाला होता. राजे 'शिवनेरीस उपजले'. जन्मले नाही, अवतरले तर नाहीच नाही. आमच्याकडे शेतात उपजतं तसं उपजले. आमच्या साडेतीन पानांची हवा त्या एका क्रियापदाने काढली.

हा कागद भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातला. त्यांनी तो लोकमान्यांच्या हाती दिला आणि लोकमान्यांनी 1916 साली छापला. पुढे तंजावरला सापडलेल्या शिवभारत या महाराजांवरच्या संस्कृत काव्याच्या पोथीने आणि जोधपूरला मिळालेल्या महाराजांच्या कुंडलीनेही शके 1551 च्याच बाजूने साक्ष दिली. तरी वाद काही मिटेना. शेवटी 1966 मध्ये शासनाने यासाठीच समिती नेमली. दत्तो वामन पोतदार, न. र. फाटक, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, बाबासाहेब पुरंदरे अशी एकेक दिग्गज नावं, आणि त्यांच्यातही एकमत झालं नाही. शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख अधिकृत म्हणून स्वीकारली ती थेट 2001 मध्ये. (ती तारीखही जुन्या इंग्रजी पंचांगाची, आजच्या कॅलेंडरने तो शुक्रवार 1 मार्चला येतो, ही गंमत तुम्ही जाता जाता सांगितलीत. मी ती मंडळात अजून कुणाला सांगितलेली नाही. आमच्याकडे तिथीवाले आणि तारखेवाले असे दोन गट आधीच आहेत, तिसरा परवडणार नाही.)

खरं काम त्यानंतर झालं. "समिती नेमा एवढंच मागाल तर समितीच मिळेल," तुम्ही म्हणालात, "तिने काय करायचं तेही मागा." मग आपण खर्डा फाडून नवा लिहिला. दीड पान. गावोगावच्या घरांत पेट्यांतून, माळ्यांवरून पडलेले मोडी कागद शोधायचे, त्यांचे फोटो काढायचे, ते वाचणारी माणसं तयार करायची, आणि समारंभाच्या खर्चाच्या आधी या कामाचा खर्च मांडायचा. हे मंडळात वाचून दाखवलं तेव्हा निम्मी पोरं उठून गेली. त्यांना पुतळा हवा होता. त्यांचं मन मी मोडलं नाही, पुतळ्याची एक ओळ शेवटी ठेवली आहे. तुम्हाला ती आवडणार नाही, पण सह्या 40 वरून 112 वर गेल्या त्या तिच्यामुळेच.

आणि एक. याच विषयाचा आमचा आधीचा अर्ज एका कचेरीत गहाळ झाला होता, पोचही नव्हती. या वेळी तुम्ही दटावल्याप्रमाणे शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. पोचेची झेरॉक्स सोबत जोडतो.

आमच्या खजिनदारांच्या माळ्यावरच्या पेटीबद्दलही आभार मानायचे राहिले. ती उघडताना सगळ्यांना वाटत होतं, निदान एखादी सनद तरी निघेल. निघाला एका बैलजोडीपायी घेतलेल्या कर्जाचा रोखा. अर्धा वाळवीने खाल्लेला, खाली नांगराची निशाणी. तुम्ही तोही शकावलीइतक्याच मन लावून वाचलात, व्याजासकट. खजिनदारांच्या आई पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या, कारण निशाणी त्यांच्या आजेसासऱ्यांची होती. त्या दिवसापासून गावातून आणखी तीन घरांनी पेट्या असल्याचं कबूल केलं आहे. त्याआधी विचारलं तर "आमच्याकडं कसलं काय" म्हणायचे.

येत्या रविवारी पेटीतला दुसरा रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं, घेऊन येतो. सांगितल्याप्रमाणे उन्हात घातलेला नाही, गाठही सोडलेली नाही. चहा मात्र वाचून झाल्यावरच घेऊ.

आपला,
मोडी वर्गातला शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी